‘क्रास’ : रोजच्या जर्मन बोलण्यातला एक शब्द नीट समजून वापरण्यासाठी

जर्मनचे बी-१ या मधल्या पातळीपर्यंतचे पाठ्यपुस्तक संपवून कोणी पुण्याहून श्टुटगार्टला पोहोचले, की पहिल्याच आठवड्यात एक शब्द त्याच्या कानांवर इतक्या वेळा पडतो की हा आपल्याला वर्गात का भेटला नाही, असा प्रश्न पडावा. तो शब्द म्हणजे ‘क्रास’. महाराष्ट्र शासन आणि श्टुटगार्ट ज्याची राजधानी आहे ते बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाविषयी करार झाला, आणि तेव्हापासून जर्मन शिकणाऱ्यांमध्ये भाषेच्या विद्यार्थ्यांबरोबरच रुग्णालयात, कार्यशाळेत किंवा उपाहारगृहात काम करायला निघालेल्या मराठी मुलामुलींचीही भर पडली आहे. अशा कामाच्या जागी पुस्तकी जर्मन बोलणे फारसे ऐकू येत नाही. तिथे ऐकू येते ते रोजचे जर्मन, आणि त्या रोजच्या जर्मनमध्ये ‘क्रास’ शब्दाला टाळून जाता येत नाही.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणू. रुग्णालयातील एका वॉर्डची विश्रांतीची खोली आहे, रात्रपाळी संपून सकाळची पाळी सुरू होते आहे, टेबलावर कॉफीचे कप आहेत. रात्रपाळीची परिचारिका सांगते, की काल एका रात्रीत सात ‘त्सूगेंगे’ आले, म्हणजे सात नवे रुग्ण दाखल झाले. समोरची मैत्रीण कप खाली ठेवते आणि हलक्या आवाजात म्हणते, “क्रास.” पाच मिनिटांनी तिसरी एक जण सांगते, की तिच्या मुलीला आबिटूर परीक्षेत १.० मिळाले. जर्मनीत गुण खालून वर मोजले जातात, १ म्हणजे सर्वोत्तम, तेव्हा शालान्त परीक्षेत याहून वरचा निकाल नाही. तीच मैत्रीण मान वर करून, स्वर लांबवून म्हणते, “क्राऽऽस!” मग घरभाड्याचा विषय निघतो: दोन खोल्या, ११०० युरो, आणि तेही ‘काल्ट’, म्हणजे हीटिंग आणि पाण्याचा खर्च वेगळा. पुन्हा तोच शब्द, या वेळी डोके हलवत. दहा मिनिटांत एकाच व्यक्तीने एकच शब्द थकवणाऱ्या रात्रीला, अभिमानाच्या निकालाला आणि अवाजवी भाड्याला लावला. शब्दकोशात एक अर्थ शोधून पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याची इथेच अडचण होते.

माझ्या मते या शब्दाची किल्ली एकच आहे, आणि ती पहिल्यापासून हातात धरावी. ‘क्रास’ एखादी गोष्ट चांगली आहे की वाईट आहे हे सांगत नाही. ती गोष्ट नेहमीच्या मापाबाहेरची आहे, एवढेच तो सांगतो. मराठी विद्यार्थी बहुतेक वेळा त्याचे भाषांतर ‘भारी’ असे करून घेतात आणि तिथेच घसरतात, कारण आपल्या बोलण्यातले ‘भारी’ आज जवळजवळ नेहमी कौतुकाचे असते. ‘क्रास’च्या अधिक जवळचा मराठी उद्गार ‘बाप रे’ हा आहे. “बाप रे, केवढे मार्क मिळाले!” आणि “बाप रे, केवढा अपघात झाला!” ही दोन्ही वाक्ये आपण बिनदिक्कत बोलतो, आणि ‘बाप रे’मध्ये आनंद की धक्का हे पुढचे शब्द, आवाज आणि चेहरा ठरवतात. ‘क्रास’ ऐकताना मनात आधी ‘बाप रे’ ठेवावे, म्हणजे निम्मे काम होते.

शब्द कुठून आला

मूळ लॅटिन विशेषण ‘क्रासुस’. त्याचा अर्थ जाड, घट्ट, स्थूल. रोमच्या इतिहासातला धनाढ्य सेनानी मार्कुस लिसिनियुस क्रासुस याच्या घराण्याचे नाव हेच. जर्मनमध्ये आल्यावर ‘जाड’ या अर्थावरून ‘ठळक, ढोबळ, डोळ्यांत भरणारा’ असा अर्थ पुढे आला आणि लेखी भाषेत तो आजही टिकून आहे. एकोणिसाव्या शतकातील विद्यार्थ्यांच्या बोलीत ‘क्रासर फुक्स’ असा प्रयोग होता. ‘फुक्स’ म्हणजे कोल्हा. विद्यार्थी-संघटनेत नव्याने दाखल झालेल्या मुलाला तसे म्हणत, आणि ‘क्रासर फुक्स’ म्हणजे अगदीच कोरा, अनुभव नसलेला नवखा. विसाव्या शतकाच्या अखेरीस, विशेषतः १९९० च्या दशकात, शहरांतील तरुणांच्या आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलांच्या बोलण्यातून ‘फोल क्रास’ (पार कहर) हा प्रयोग सगळीकडे पसरला, दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमांनी तो घराघरांत नेला, आणि त्या वेळची मुले आज चाळिशी-पन्नाशीत असूनही तो शब्द त्यांच्या तोंडातून गेलेला नाही. जर्मनीत दर वर्षी ‘तरुणांचा शब्द’ निवडला जातो, २०२१ मध्ये ‘क्रिंज’, २०२२ मध्ये ‘स्मॅश’, २०२३ मध्ये ‘गूफी’ असे शब्द निवडले गेले. यांतले किती शब्द टिकतील हे पुढे दिसेल, ‘क्रास’ मात्र तीन दशके ठाण मांडून आहे. म्हणूनच शिकण्यासाठी श्रम करावेत असा हा शब्द आहे.

जड किंवा जाड या अर्थाचा शब्द पुढे ‘अफाट’ या अर्थाने वापरला जाणे आपल्याला परके वाटू नये. ‘भारी’ या शब्दाचाही मूळ अर्थ वजनदार असाच आहे. दोन भाषांनी आपापल्या वाटेने एकाच प्रकारचे वळण घेतले. पुढे मात्र वाटा वेगळ्या झाल्या: मराठीने ‘भारी’ला कौतुकाकडे नेले, जर्मनने ‘क्रास’ला मधोमध उभे ठेवले.

इंग्रजी जाणणाऱ्यांनी एका गोष्टीची विशेष काळजी घ्यावी. इंग्रजीत याच लॅटिन मुळापासून आलेला आणि जवळजवळ तसाच लिहिला जाणारा शब्द आहे, पण त्याचा अर्थ असंस्कृत, दुसऱ्याच्या भावनांची पर्वा नसलेला असा होतो. जर्मन सहकारी तुमच्या कामाला ‘क्रास’ म्हणाला आणि तुम्ही इंग्रजी अर्थ लावला, तर कौतुकाचा अपमान होईल. दोन शब्दांचे मूळ एक असले तरी त्यांना आता वेगळेच समजावे.

उच्चार आणि लेखन

देवनागरीत ‘क्रास’ असे लिहिले तरी त्यातला ‘आ’ ऱ्हस्व आहे. त्याचा दर्जा ‘आ’चा, पण लांबी ‘अ’ची; म्हणजे ‘काका’ म्हणताना जेवढा वेळ ‘का’वर थांबतो त्याच्या निम्मा. उद्गार म्हणून तो मुद्दाम लांबवला जातो, तो प्रकार वेगळा. सुरुवातीचा ‘क्’ स्पष्ट आला पाहिजे, कारण तो मऊ होऊन ‘ग्’ झाला आणि स्वर लांबला तर ‘ग्रास’ होते, आणि ‘ग्रास’ म्हणजे गवत. ‘र’ जिभेच्या टोकाने न उच्चारता घशाच्या मागच्या भागातून काढायचा असतो. तो जमेपर्यंत मराठी ‘र’ वापरला तरी ऐकणाऱ्याला शब्द कळतो, त्यामुळे त्यासाठी बोलणे थांबवू नये.

लिहिताना शेवटी दोन ‘एस’ येतात. १९९८ पूर्वीच्या पुस्तकांत याच शब्दाच्या शेवटी ‘एस्त्सेट’ हे जर्मनचे खास अक्षर दिसेल. शुद्धलेखन सुधारणा १ ऑगस्ट १९९८ पासून लागू झाली आणि ऱ्हस्व स्वरानंतर एस्त्सेटऐवजी दोन ‘एस’ लिहायचे ठरले. म्हणजे आता लेखनच सांगते की स्वर ऱ्हस्व आहे. स्वित्झर्लंडमध्ये एस्त्सेट वापरतच नाहीत, त्यामुळे तिथे हा प्रश्न उद्भवत नाही.

पहिली पायरी : सुटा उद्गार

सुरुवात एका शब्दाने करावी. कोणी काही अनपेक्षित सांगितले की “क्रास!” एवढाच प्रतिसाद पुरतो, त्यात व्याकरण नाही, प्रत्यय नाही. आश्चर्य वाढवायचे असेल तर “एश्ट क्रास!” म्हणजे ‘खरोखर, बाप रे’, किंवा “फोल क्रास!” म्हणजे ‘पार कहर’. “डास इस्ट या क्रास!” या वाक्यातला ‘या’ म्हणजे होकारार्थी ‘हो’ नव्हे. तो आश्चर्य दाखवणारा छोटा शब्द आहे, मराठीत “हे तर अफाटच आहे!” म्हणताना ‘तर’ आणि ‘च’ जे काम करतात तेच तो करतो. “वी क्रास इस्ट डास डेन!” हे रूप प्रश्नासारखे दिसते, पण त्याला उत्तर अपेक्षित नसते. तरुण मुले “क्रास, आल्टर!” असेही म्हणतात. त्यातला ‘आल्टर’ म्हणजे शब्दशः ‘म्हातारा’, वापरात ‘मित्रा, गड्या’. हा ‘आल्टर’ अगदी जवळच्या समवयस्कांपुरता ठेवावा. नव्या माणसाच्या तोंडी तो उसना वाटतो.

आवाजाकडे लक्ष द्यावे. आनंदाची बातमी असेल तर स्वर लांबतो आणि आवाज वर चढतो. वाईट किंवा धक्कादायक बातमी असेल तर शब्द आखूड, हळू आणि खालच्या आवाजात येतो, अनेकदा त्यानंतर क्षणभर शांतता असते. आपण ‘बाप रे’ म्हणतानाही नेमके हेच करतो, म्हणून हे वेगळे शिकावे लागत नाही, फक्त ‘भारी’ची उत्साही चाल इथे लावायची नाही एवढे पथ्य पाळावे लागते. नव्याने गेलेली मुले चुकतात ती इथेच: सहकारी सांगतो की त्याची सायकल तिसऱ्यांदा चोरीला गेली, आणि उत्तर हसतमुखाने, चढ्या आवाजात येते. शब्द बरोबर असतो, चाल चुकलेली असते, आणि समोरच्याला वाटते की याला माझ्या नुकसानीची मौज वाटते आहे.

आणखी एक सवय लावून घ्यावी. ‘क्रास’ म्हणून थांबू नये, पुढे एक प्रश्न जोडावा. “क्रास. उंड येट्स्ट?” म्हणजे “बाप रे. आणि आता?” किंवा “क्रास. वी हास्ट डू डास गेशाफ्ट?” म्हणजे “काय सांगतेस! तुला हे जमले कसे?” नुसता उद्गार ऐकून बोलणारा गप्प होतो. प्रश्न जोडला की तुम्ही खरेच ऐकत आहात हे त्याला कळते, आणि भाषा नवी असलेल्या माणसाला पुढचे दोन मिनिटे ऐकण्याची, सरावाची संधी मिळते.

दुसरी पायरी : वाक्याच्या शेवटी

“डास इस्ट क्रास” म्हणजे ‘हे मापाबाहेरचे आहे.’ “डास फिंडे इश क्रास” म्हणजे ‘मला हे जरा फारच वाटते.’ दुसऱ्या वाक्यात बहुधा नापसंतीची छटा असते, आणि ती उपयोगी आहे, कारण कोणावर थेट दोष न ठेवता असहमती दाखवता येते. “डास इस्ट शोन क्रास” यातल्या ‘शोन’ने वाक्य थोडे विचारपूर्वक होते: ‘तसे पाहिले तर हे फारच आहे.’

या जागी मराठी माणसाला एक सवय सोडावी लागते. मराठीत विशेषण नामाआधी असो की वाक्याच्या शेवटी असो, ते विकारी असेल तर बदलते: ‘चांगला सिनेमा’ आणि ‘सिनेमा चांगला आहे’, ‘चांगली गोष्ट’ आणि ‘गोष्ट चांगली आहे’. जर्मनमध्ये वाक्याच्या शेवटी आलेले विशेषण बदलत नाही. “डेअर फिल्म इस्ट क्रास”, “डी झाखे इस्ट क्रास”, “डास कोन्त्सेर्ट इस्ट क्रास”. सिनेमा पुल्लिंगी, गोष्ट स्त्रीलिंगी, मैफल नपुंसकलिंगी, आणि तिन्ही ठिकाणी शब्द तसाच. म्हणजे या पायरीवर व्याकरणाची चूक होण्याला जागाच नाही. ज्यांना प्रत्ययांची धास्ती वाटते त्यांनी महिनाभर या दोन पायऱ्यांवरच राहावे. त्यात काही कमीपणा नाही.

तिसरी पायरी : नामाआधी, प्रत्ययासह

खरे कष्ट इथे आहेत. विशेषण नामाआधी आले की त्याला प्रत्यय लागतो, आणि तो लिंग, विभक्ती आणि आधी आलेला उपपदासारखा शब्द (इंग्रजीतल्या ‘ए’, ‘द’सारखा) या तिन्हींवर ठरतो. ‘एक’ या अर्थाच्या ‘आइन’नंतर पुल्लिंगी नाम आले तर “आइन क्रासर फिल्म”, स्त्रीलिंगी आले तर “आइने क्रासे झाखे”, नपुंसकलिंगी आले तर “आइन क्रासेस कोन्त्सेर्ट”, आणि अनेकवचन असेल तर “क्रासे लॉइटे”, म्हणजे अफाट माणसे. शेवटचा ‘ए’ ठासून उच्चारू नये. बोलीत आपण ‘चांगलं’, ‘मोठं’ म्हणताना शेवटी जो हलका स्वर येतो, त्याच्या जवळ जाणारा तो आहे.

निश्चित उपपद आले की काम थोडे सोपे होते: “डेअर क्रासे फिल्म”, “डी क्रासे झाखे”, “डास क्रासे कोन्त्सेर्ट”. कारण असे, की लिंग दाखवण्याचे ओझे उपपदाने उचललेले असते, त्यामुळे विशेषणाला ते पुन्हा उचलावे लागत नाही. ‘आइन’ मात्र पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी नामाआधी सारखाच दिसतो, म्हणून तिथे विशेषणाने ‘अर’ किंवा ‘एस’ लावून लिंग दाखवायचे. हे तत्त्व एकदा मनात ठसले की तक्ता पाठ करण्याची गरज बरीच कमी होते: लिंग कोणीतरी एकाने दाखवले पाहिजे, उपपदाने दाखवले नसेल तर विशेषणाने.

कर्माच्या जागी पुल्लिंगी नाम आले तर ‘एन’ लागतो. “इश हाबे आइनेन क्रासेन फिल्म गेझेएन”, म्हणजे ‘मी एक जबरदस्त सिनेमा पाहिला.’ रोजच्या बोलण्यात हेच वाक्य सर्वांत जास्त वेळा लागते आणि सर्वांत जास्त वेळा चुकते. बोलणारा घाईत “आइन क्रासर फिल्म” म्हणून जातो. असे एक वाक्य निवडून ते मोठ्याने वीस वेळा म्हणावे. नियम समजणे आणि तो जिभेवर बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी आवाज काढून म्हणण्याला पर्याय नाही.

याच पायरीवर एक फसवी जागा आहे. ‘क्रासर’ हे रूप दोन कामे करते. “आइन क्रासर फिल्म” यात ते फक्त पुल्लिंगी प्रत्यय लागलेले साधे विशेषण आहे. “डास इस्ट नोख क्रासर” यात मात्र ते तुलनेचे रूप आहे: ‘हे तर त्याहून अफाट आहे.’ नामाआधी तुलना करायची झाली तर दोन्ही प्रत्यय एकापुढे एक येतात, “आइन क्रासरर फिल्म”, पण बोलताना हे रूप अवघडच वाटते आणि लोक वाक्य फिरवून घेतात. सर्वांत टोकाचे रूप “आम क्रासेस्टेन”. त्यावरून नामही तयार होते: “डास क्रासेस्टे वार…”, म्हणजे ‘सर्वांत कहर म्हणजे…’. किस्सा सांगताना हे फार कामाला येते, कारण ऐकणाऱ्याला कळते की आता मुख्य भाग येणार आहे. याच जातीचे “डास क्रासे इस्ट…”, “एटवास क्रासेस” म्हणजे काहीतरी अचाट, आणि “निश्ट्स क्रासेस” म्हणजे विशेष काही नाही. या सर्व ठिकाणी शब्द नाम म्हणून वापरला गेल्याने लिहिताना पहिले अक्षर मोठे येते.

चौथी पायरी : ‘खूप’ या अर्थाने

‘भयंकर’ हा शब्द मराठीत भीतीचा, पण “मला ते गाणे भयंकर आवडले” असे आपण सहज म्हणतो. ‘क्रास’ही असाच प्रमाण सांगायला वापरतात, आणि तेव्हा त्याला कोणताही प्रत्यय लागत नाही. “इश हाबे मिश क्रास गेफ्रॉइट”, म्हणजे ‘मला अतोनात आनंद झाला.’ “डू हास्ट डिश क्रास फेरएंडर्ट”, म्हणजे ‘तू केवढा बदललास.’ “आइन क्रास गूटर फिल्म” म्हणजे कमालीचा चांगला सिनेमा. इथे ‘क्रास’ हा ‘गूटर’चे प्रमाण सांगतो म्हणून कोरा, आणि ‘गूटर’ नामाचे वर्णन करतो म्हणून प्रत्ययासह. हा वापर पूर्णपणे तरुणांच्या बोलण्यातला आहे. ओळखता यावा, मित्रांत वापरावा, पण लेखी जर्मनमध्ये याच्या जागी ‘झेअर’ म्हणजे ‘खूप’ हा साधा शब्द ठेवावा.

औपचारिक जर्मनमधला ‘क्रास’

हा भाग वर्गात राहून जातो, आणि तो राहू नये असे मला मनापासून वाटते. विद्यार्थ्यांची समजूत होते की हा शब्द केवळ अनौपचारिक आहे, म्हणून लेखनात तो कुठेच चालणार नाही. ते खरे नाही. सुटा उद्गार म्हणून तो अनौपचारिक आहे. ठरावीक नामांआधी तो पूर्णपणे प्रतिष्ठित भाषेतला आहे आणि गंभीर वृत्तपत्रांत रोज छापला जातो. “क्रासर गेगेनझात्स” म्हणजे ठळक विरोध, “क्रासर विडरश्प्रुख” म्हणजे ढळढळीत विसंगती, “क्रासर उंटरशीट” म्हणजे डोळ्यांत भरणारा फरक, “क्रासेस मिसफेरहेल्टनिस” म्हणजे कमालीचे व्यस्त प्रमाण, “क्रासे फेलएन्टशाइडुंग” म्हणजे पंचाने किंवा अधिकाऱ्याने दिलेला उघड चुकीचा निर्णय. खेळाच्या बातम्यांत “क्रासर आउसेनझाइटर” म्हणजे ज्याच्या विजयाची कोणालाच अपेक्षा नाही असा संघ. “इन क्रासेम गेगेनझात्स त्सू…” ही शब्दरचना तर अख्खीच पाठ करावी, कारण बी-२ पातळीच्या निबंधात ती वजन आणते: ‘अमुकच्या अगदी उलट…’.

शब्दाचा मान किती वरपर्यंत आहे हे न्यायालयीन भाषेत दिसते. जर्मन संघीय न्यायालयाच्या निकालांत “क्रासे फिनान्त्सिएले यूबरफोर्डरुंग” ही रूढ संज्ञा आहे. बँकेच्या कर्जाला पतीसाठी पत्नी किंवा पालकांसाठी मूल जामीन राहते, आणि त्या जामीनदाराच्या उत्पन्नातून कर्जाचे चालू व्याजही भागू शकत नाही, तेव्हा त्याच्यावर पडलेल्या या कुवतीबाहेरच्या आर्थिक भाराला ही संज्ञा लावतात, आणि असा जामीन नीतिबाह्य म्हणून रद्द ठरू शकतो. तिथे ‘क्रास’चा अर्थ तोच आहे, ‘मापाबाहेर’, फक्त ते माप न्यायालयाने नेमके करून दिलेले आहे.

लेखी भाषेतल्या या वापरात शब्द बहुधा नकारात्मक बाजूला झुकलेला असतो, हे मात्र लक्षात ठेवावे. कौतुकाचा अर्थ बोलण्यातून आलेला आहे. “क्रास आउसगेड्र्यूक्ट” असे कोणी वाक्याच्या सुरुवातीला म्हणाले तर त्याचा अर्थ ‘स्पष्ट, कठोर शब्दांत सांगायचे तर’ असा असतो.

कुठे वापरू नये

जर्मनमध्ये ‘झी’ आणि ‘डू’ असा भेद आहे, आपल्या ‘तुम्ही’ आणि ‘तू’सारखा. ज्यांच्याशी ‘झी’ने बोलता त्यांच्यापुढे ‘क्रास’ हा सुटा उद्गार टाळावा: घरमालक, परदेशी नागरिक कार्यालयातील अधिकारी, मुलाखत घेणारे, वयस्क शेजारी. रुग्णांच्या बाबतीत तर हे कटाक्षाने पाळावे. जखम पाहून परिचारिकेच्या तोंडून “क्रास” निघाले तर रुग्ण घाबरतो, कारण त्याला ऐकू येते ते एवढेच, की माझी अवस्था हिला मापाबाहेरची वाटली.

मृत्यूची बातमी हे दुसरे ठिकाण. अगदी जवळचे मित्र एकमेकांत हळू आवाजात “क्रास” म्हणतात, पण नव्या माणसाने तो धोका पत्करू नये. “डास टूट मिअर लाइट” म्हणजे ‘मला वाईट वाटते’, किंवा अधिक औपचारिकपणे “माइन बायलाइट” म्हणजे ‘माझी सहवेदना’, हेच शब्द त्या वेळी योग्य.

परीक्षेत काय करावे, हे मुले नेहमी विचारतात. गोएथे संस्थेच्या बी-१ परीक्षेतील लेखन विभागात पहिले काम मित्राला लिहायच्या पत्राचे असते, त्यात एखादे “डास वार एश्ट क्रास!” शोभून दिसते. शेवटचे काम औपचारिक पत्राचे असते, तिथे तो उद्गार आला तर भाषेची पातळी चुकली असे ठरते.

माणसाबद्दल बोलताना जरा थांबून विचार करावा. “डू बिस्ट क्रास!” असे तोंडावर म्हटले तर ते सहसा कौतुक असते, ‘तू अफाट आहेस.’ पण पाठीमागे “डेअर इस्ट क्रास ड्राउफ” म्हटले तर अर्थ ‘त्याचे काही खरे नाही, तो विचित्रच आहे’ याकडे झुकतो. एखाद्याचा पोशाख, केस, धर्माचरण किंवा आहार यांना ‘क्रास’ म्हणणे टाळावे. तुमच्या मनात कौतुक असेल, पण ‘मापाबाहेर’ हा मूळ अर्थ त्याला टोचू शकतो.

शेजारचे शब्द

निव्वळ कौतुक करायचे असेल आणि समोर कोण आहे याची खात्री नसेल, तर ‘टोल’ म्हणजे छान हा शब्द सर्वत्र चालतो. धक्का किंवा त्रास दाखवायचा असेल तर ‘हेफ्टिश’ अधिक नेमका आहे, तो वाईटाकडे झुकतो. ‘गाइल’ हा शब्द कौतुकासाठी तरुण सर्रास वापरतात, पण त्याचा जुना अर्थ कामवासनेशी जोडलेला असल्याने नव्याने गेलेल्याने तो आधी बरेच दिवस नुसता ऐकावा. श्टुटगार्टच्या परिसरातील श्वेबिश बोलीत ‘आर्ग’ हा शब्द ‘खूप’ या अर्थाने ऐकू येतो, “आर्ग नेट” म्हणजे फार प्रेमळ. आणि ऑस्ट्रियात तोच ‘आर्ग’ उद्गार म्हणून जवळजवळ ‘क्रास’च्या जागी येतो.

सराव

एक लहान वही खिशात ठेवावी. दोन आठवडे स्वतः हा शब्द वापरू नये, फक्त ऐकावा, आणि प्रत्येक वेळी तीन गोष्टी टिपाव्यात: कोण कोणाला म्हणाले, कशाबद्दल म्हणाले, आणि आवाज वर गेला की खाली. बस, जेवणाची सुट्टी, सुपरमार्केटमधली रांग, कुठेही साहित्य मिळते. पंधरा-वीस नोंदी झाल्या की त्या तीन गटांत लावाव्यात: कौतुक, धक्का, तक्रार. पाठ्यपुस्तकातल्या कोणत्याही व्याख्येपेक्षा या नोंदी अधिक शिकवतात, कारण त्या तुमच्याच वॉर्डातल्या, तुमच्याच वर्गातल्या माणसांच्या आहेत.

तिसऱ्या आठवड्यात पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी. दिवसातून एकदाच, ‘डू’ने बोलणाऱ्या एकाच सहकाऱ्याशी, आणि पुढे एक प्रश्न जोडून. म्हणण्याआधी मनात ‘बाप रे’ घालून पाहावे: तो उद्गार त्या क्षणी मराठीत शोभला असता, तर ‘क्रास’ही शोभेल. रात्रपाळीची परिचारिका पुन्हा सांगेल की आज नऊ त्सूगेंगे आले. तेव्हा कप खाली ठेवावा, आवाज खाली ठेवावा आणि म्हणावे, “क्रास. हास्ट डू यूबरहाउप्ट गेगेसन?” म्हणजे, “बाप रे. तू काही खाल्लेस तरी का?”